पहिला घास

वळसंगचा बिभीषण लेकाला गोवराची लस टोचू देत नव्हता. "सक्ती हाय का? न्हाय न्हवं? मग पोरगं माजं, मर्जी माजी," असं तो दर वेळी म्हणायचा आणि आशा सेविका सोनाली तशीच परत फिरायची.

आज त्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, म्हणजे देवी आल्याची खूण, दिसला. ती बाहेरूनच ओरडली, "दादा, गोवर हाय ह्यो! गावातली बारकी पोरं आत घिऊ नका. लगीच लागण हुती."

"असं बोलू ने, ताई. पोराच्या रूपानं देवी आलीया घरात," बिभीषण हात जोडून म्हणाला. "दहीभाताला सांगावा धाडलाय. जे आलेत ते मर्जीनं आलेत. सक्ती कुणावरच न्हाय."

सोनालीनं आत पाहिलं. पुरळ उठलेल्या पोराच्या अंथरुणाशी तिची सासू बसली होती. मांडीवर सोनालीची लेक होती, सात महिन्यांची. ही लस नऊ महिने झाल्याशिवाय मिळत नाही.

लेकीच्या ओठांना दही लागलं होतं.

"भाग्याची हाय गं," सासू कौतुकानं म्हणाली. "देवीनं पैला घास हिलाच भरवला, आपल्या उष्ट्या हातानं."