वाळलेला कडुनिंब

"हे बी न्हाई. ऐक," म्हणत धुळाजीने बाभळीच्या ओंडक्यावर काठी मारली. आवाज भद्द आला. "पोटात पाणी हाय. याच्या फळ्या दोन महिन्यांत वाकतेत."

नात मोनिका पुढच्या ओंडक्याकडे वळली. ओसरीवर तिने गल्लीतल्या पोरांसाठी वाचनालय काढले होते. पुस्तके जमिनीवरच होती. निम्मी वाळवीने खाल्ली, उरलेली पोत्यात बांधली. पोरे रोज येत, पोत्याकडे बघत आणि परत जात. मंठा गावच्या एक निवृत्त शिक्षिका तीन खोकी पुस्तके द्यायला तयार होत्या; पण आधी फळ्यांची मांडणी करा, असे त्यांनी बजावले होते. सोमवारी त्या बघायला येणार होत्या.

"आबा, प्लायवूड आणू?"

"आपला पत्रा गळतो, बाई. ते फुगून बसंल."

आंब्याच्या लाकडाला भोके होती. धुळाजीने ते आपटले आणि तिच्या तळहातावर पिवळा भुसा पाडला. "बघ, आतून कोण जेवून राह्यलंय."

मोनिका हसली. मग तीच काठी घेऊन गोठ्यामागे गेली. ताडपत्री उचलून तिने एक ओंडका वाजवला. खणखणीत आवाज आला.

"आबा! कडुनिंब! बराबर वाळलाय!"

धुळाजी आला.

सून नंदाबाई शेणाच्या हातांनी धावत आली. "टाक ती ताडपत्री! मामांनी सोताच्या सरणासाठी ठेवलंय ते."

मोनिकाने हात मागे घेतला. चार वर्षांपूर्वी श्रावणात आजी गेली होती. गावच्या स्मशानाला छत नाही. लाकडे ओली, चिता पेटेना. लोक डिझेल ओतत राहिले. धुळाजी संध्याकाळपर्यंत धुरात उभा होता. दहावा झाल्यावर त्याने बांधावरचा कडुनिंब तोडला आणि इथे रचून ठेवला.

मोनिका ताडपत्री परत ओंडक्यांवर ओढू लागली. धुळाजीने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

"टेम्पोवाल्या पप्पूला म्हणाव, गाडी घेऊन ये जल्दी. फळ्या पाडायच्यात, आरा मशीन पाचाला बंद होते."

"मामा!" नंदाबाई ओरडली. "आन् तुमच्यासाठी?"

"मिळंल ते ओलं-सुकं टाका. पेटायला उशीर लागंल, लागू दे," धुळाजी म्हणाला. "मला त्या दिवशी दुसरं काय काम हाय?"