तळहाताएवढी भिंत

थर्माकोलवर सिमेंटचा पहिला हात मारला आणि इनायतुल्ला मिस्त्रींनी शरमेनं मान खाली घातली. थापी सरळ चाललीच नाही. उजवा हात थरथरला, सिमेंटात खाचखळगे पडले, एका जागी तर लाटाच आल्या.

“वा अब्बा!” इफ्फतनं टाळी वाजवली. “हुबेहूब खडक!”

पोरीनं मनापासून तारीफ केली होती. मिस्त्रींना ती थपडीसारखी लागली.

आता मिस्त्री काय चीज होते, ते मूर्तिजापुरात कोणालाही विचारा. त्यांनी केलेलं प्लास्टर पाहायला लोक मुद्दाम यायचे, भिंतीवरून हात फिरवायचे. मिस्त्रीच्या भिंतीवर पाल चढत नाही, घसरते, असं गावात गमतीनं म्हणत. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात तेवढा बेइमान निघाला. चहा धरला की अर्धा बशीत. तेव्हापासून ते दारातल्या खुर्चीवर बसून होते. समोर कुणाचं बांधकाम निघालं की सिमेंट-वाळूचा मसाला भिंतीवर फेकल्याचा आवाज कान देऊन ऐकायचे. “पातळ कालवला लेकाच्यानं,” असं पुटपुटायचे. कामासाठी जीव नुसता तुटायचा. त्यांची बायको अकीलाबी दर जुम्म्याला त्यांच्या थापीला तेल लावून ठेवायची, गंज चढू नये म्हणून. आता कशाला, असं तिला कोणी विचारलं नाही.

इफ्फत घराच्या पुढच्या खोलीत मासे आणि काचेच्या टाक्या विकायची. अकोल्याच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मोठी टाकी सांगितली होती. मागच्या काचेला चिकटवायचा तो नेहमीचा निळा फोटो बाईंना नको होता. त्यांना पातूरच्या लेण्यांसारखा, खरा वाटेल असा खडक हवा होता. इफ्फतनं थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवले, गरम सुरीनं कापून कपारी केल्या. वरून सिमेंटचे पाच पातळ हात द्यायचे होते.

“अब्बा, सिमेंट तुमी मारा,” असं म्हणत तिनं ब्रश पुढे केला होता.

“ब्रश पेंटरनं धरावा. माही थापी आन.”

मग रोज एक हात. रोज इफ्फत खूश, रोज मिस्त्री नाराज.

“जिंदगीभर लोकायच्या भिंती सरळ केल्या, आन आता वाकडं कराचं काम आलं,” ते अकीलाबीजवळ करवादले.

“हात कामाले लागला ना? बस झालं.”

तेच तर त्यांना सलत होतं. पोरीनं बापाचा हात पाहून काम शोधलं होतं. थरथर चालेल असं काम.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी एक चोरी सुरू केली. इफ्फत गिऱ्हाइकात गुंतली की खालच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, ते खडक सोडून भिंत करू लागले. थापी हलकीशी टेकवून खालून वर. एवढी जागा साधली तर पुढचीही साधेल, नाही साधली तर थापी भंगारात देऊन टाकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी लाटा. तिसऱ्या दिवशी लाटा. चौथ्या दिवशी थापी हातातून सुटून फरशीवर आपटली. अकीलाबी धावत आली.

“काई नाई, जा तू,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागली नाही.

पाचवा हात शेवटचा. दुपारी इफ्फत कुणाला तरी मासे पिशवीत बांधून देत होती. मिस्त्रींनी सगळ्या खडकावर सिमेंट चढवलं आणि कोपऱ्यापाशी आले. खांदा खोलीच्या भिंतीला टेकवला. कोपर पोटाशी घट्ट धरलं. थापी खालून वर नेली. हात थरथरला की थांबायचे, “चल बाबा, चल,” असं त्यालाच समजवायचे आणि पुन्हा खालून वर. घाम डोळ्यांत उतरला तरी त्यांनी पुसला नाही.

इफ्फत आत आली. वरपासून कौतुकानं पाहत पाहत खाली आली आणि कोपऱ्याशी थबकली.

“अब्बा! हे काय करून ठेवलं?” तिनं घाईनं ब्रश उचलला. “उद्या पान्यात टाकाचं आहे हे. तीन हप्ते पानी बदलून बदलून चुना काढाचा, तवा कुठी त्यात मासे जगतीन. आता फिरून थर द्याले टाइम नाई. ओलं आहे तोवर मीच खडबडीत करून घेतो.”

“राहू दे.”

“काहून राहू दे? सारा खडक बिघडवला तुमी! हा कोपरा तर निस्ता भिंतीसारका दिसून राह्यला!”

ब्रश टेकणार तोच मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं. उजव्या हातानं. हात थरथरत होता, पण पकड सोडत नव्हता.

“काय म्हटलं, बेटा?”

“काय म्हटलं?”

“आत्ता म्हटलं ते. कशासारका दिसते?”

इफ्फतनं कोपऱ्याकडे पाहिलं. मग अब्बांकडे. ब्रश हळूच खाली ठेवला.

“भिंतीसारका, अब्बा.”

“जरा जोरानं सांग,” मिस्त्री म्हणाले. “तुह्या अम्मीले आयकू येऊ दे.”