चौदा दिवसांची मुदत

देवरामनं ती जाहीर नोटीस चौथ्यांदा वाचली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली, बोटभर चौकटीत धाकट्या भावाचं नाव छापलं होतं. रघुनाथचं जव्हारचं घर बँकेकडे तारण राहणार होतं. त्यावर कुणाचा हक्क असेल, तर त्यानं चौदा दिवसांत बँकेच्या वकिलाला लेखी कळवावं.

रघु शाळामास्तर. कर्जाच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा माणूस. तो घर तारण कशाला ठेवतोय, हे कळेपर्यंत देवरामला घास गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी कचेरीत अर्धी रजा टाकून तो मोखाड्याहून जव्हारला गेला आणि बँकेसमोरच्या बुध्याच्या टपरीवर बसला. बँकेत कुणाचं काय चाललंय हे मॅनेजरच्या आधी बुध्याला कळायचं.

"शिक्षणाचं लोन हाय, दादा," बुध्या म्हणाला. "पायलटचं. चाळीस लाख बोलतात. रघुसर तीन महिने खेपा घालतात. तुम्हाला नाय ठाव?"

"ठाऊक आहे ना," देवराम म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

पायलट! म्हणजे रघुची योगिता. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, बारावीला निशापेक्षा अकरा टक्के कमी, आणि ही विमान उडवणार! निशा देवरामची मुलगी. ती घरी बसून पाड्यावरच्या पोरांच्या शिकवण्या घेत होती, आणि तिकडं मास्तराची पोर ढगात. देवरामच्या पोटात दुखायला लागलं ते मोखाड्याची बस येईपर्यंत थांबलं नाही.

गेल्या महिन्यात दोघी बहिणी मुंबईला जाऊन आल्या होत्या. "मेडिकल होतं," म्हणजे कसलीतरी वैद्यकीय तपासणी, एवढंच निशा बोलली होती. त्याचा अर्थ त्याला आता लागला. आपली पोर योगिताची पिशवी उचलत फिरली!

निशानंही वर्षामागं काहीतरी मोठं शिकायचं काढलं होतं. खर्चाचा आकडा ऐकताच, "घर गहाण टाकून पोरी शिकवायला मी वेडा नाय," असं सांगून त्यानं कशाचं शिक्षण तेही विचारलं नव्हतं. आपण नाही म्हणालो तेच रघुनं केलं, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबत होतं. लोक उद्या म्हणणार, बाप असावा तर रघुमास्तरासारखा.

संध्याकाळी बायको नाचणीच्या भाकरी थापत होती. चंद्रकला आरोग्यसेविका होती, दिवसभर पाडे पालथे घालून दमलेली असायची.

"रघु घर तारण ठेवतोय," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेपरात नोटीस आलीय."

"आणखी काय आलंय?"

"आणखी काय यायला पाहिजे? पोरीच्या हौसेसाठी डोक्यावरचं छप्पर लावतोय पणाला."

"कुणीतरी लावायलाच हवं होतं," चंद्रकला म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "भाऊजी मनानं मोठे आहेत."

त्या शब्दासरशी देवरामचं ठरलं.

फाईल कशी अडते, हे तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. एक हरकत पुरते. ती खरी असावी लागत नाही, लेखी असावी लागते. रघुनं घर बांधलं तेव्हा वडिलांनी सूर्यमाळच्या शेतातली नाचणी विकून त्याला थोडे पैसे दिले होते. रघुनं ते दोन वर्षांत परतही केले होते. वडील पैसे परत घेत होते तेव्हा देवराम तिथंच बसला होता. पण कागद कुठं होता?

तेराव्या दिवशी त्यानं वकिलाच्या टेबलावर अर्ज ठेवला. 'सदर मिळकत वडिलोपार्जित पैशातून उभी असून तीत माझा निम्मा हिस्सा आहे.' खाली सही, तारीख आणि पोच. पोच घ्यायला तो विसरला नाही. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

पुढचे दिवस त्यानं मोठ्या मजेत काढले. बुध्याकडून बातम्या येत होत्या. वकिलानं शेरा मारला. मॅनेजरनं फाईल बाजूला ठेवली. प्रशिक्षण संस्थेत तीस तारखेला पैसे भरले नाहीत तर जागा जाणार होती, आणि एकतीस तारखेला बँकेनं कागद परत केले. घरात मात्र निशा नीट जेवत नव्हती. बहिणीसाठी एवढं काय जिवाला लावून घ्यायचं, असं देवरामला वाटलं.

रविवारी सकाळी रघुनाथ आला. दिवाळीशिवाय या उंबऱ्याला न शिवणारा भाऊ काखेत फाईल घेऊन अंगणात उभा राहिला. मागं योगिता होती, रडून डोळे सुजलेली. तिचे ते डोळे पाहून देवरामला बरं वाटलं. वाक्य त्यानं केव्हापासून घोळवून ठेवलं होतं.

"माझा हक्क मी मागितला, रघु. लेखी मागितला. त्यात राग धरायचं कारण नाय."

"हळू बोल, दादा," रघुनाथ म्हणाला. "आत ऐकू जाईल."

तो चपला काढून आत गेला. देवराम दारातच थांबला. आतून चंद्रकलानं विचारलं, "काय झालं, भाऊजी?"

मग रघुनाथचा आवाज आला, "निशा, पोरी, तुझं लोन नाय झालं गं. माझ्याच घराच्या कागदात खोट निघाली."