नाका उठला त्या दिवशी

इटली आणि स्लोव्हेनियामधल्या त्या छोट्या रस्त्यावरचा नाका त्या सकाळी कायमचा उठला. आडवा दांडा निघाला, बँड वाजला, दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी वाइनचे पेले भरले. ज्याने उभी हयात तिथे लोकांच्या झडत्या घेतल्या, तो झ्देन्को दुपारी साध्या कपड्यांत, लेकीला घेऊन, रस्त्याच्या मधोमध हसत उभा होता.

पलीकडे बहिणीकडे निघालेली म्हातारी पाव्ला त्याला पाहून थबकली. तिने पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली. अख्खा पाव मधोमध मोडून आतून दाखवला. मग ती कोटाची बटणं सोडू लागली.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही कोटसुद्धा काढायला लावायचात?"

झ्देन्कोला कुठे पाहावं कळेना. "मावशी, राहू द्या हो," तो कसाबसा म्हणाला. "आता कुणी तपासत नाही. नाका गेला."

"ठाऊक आहे, साहेब. सकाळी बँडवाल्यांबरोबर मीही पलीकडे जाऊन आले की." पाव्लाची बोटं बटणावरच होती. "तेव्हा तुम्ही नव्हतात उभे."

झ्देन्को मान खाली घालून रस्त्यातून बाजूला झाला. तेव्हा कुठे तिने बटण लावलं आणि पाऊल उचललं.