बारा वच्छला

आयुष्यभर उमरेडला मागावर लुगडी विणलेले कवडूजी पासष्टाव्या वर्षी हुडकेश्वरच्या चित्रकलेच्या क्लासात दाखल झाले. क्लासच्या नादात मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुपूजा बुडाली, म्हणून वच्छलाबाईंनी तीन दिवसांपासून अबोला धरला होता. तो सुटावा म्हणून कवडूजींनी बायकोचंच चित्र काढायला घेतलं.

"एकच चेहरा, कागदाच्या मधोमध," रितिका मॅडमनी बजावलं. महिनाभरात कवडूजी नाक शिकले होते, डोळे शिकले होते, उजेड-सावलीही शिकले होते; फक्त एकावर थांबायला त्यांचा हात शिकला नव्हता. दोन तासांनी कागदावर बारा वच्छलाबाई उभ्या होत्या. तीन ओळींत चार-चार, अगदी मापून, आणि दोन्ही बाजूंना लुगड्यासारखे करवती काठ.

"काका, एकच काढायची होती ना!"

"एका बुट्टीनं कधी लुगडं भरते का, मॅडम?"

संध्याकाळी त्यांनी चित्र बायकोपुढे धरलं. बाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक वच्छला तपासायला घेतली.

"ह्या साऱ्या मीच?" तीन दिवसांनी बाईंना कंठ फुटला.

"साऱ्या तूच वं!" कवडूजी हरखले.

बाईंचं बोट फिरत फिरत सातवीवर येऊन थांबलं.


"मंग ही हसून राहिली, ते कोण हाय?"