तीन इंची टाच

तोंडातल्या टाचण्या काढून नवरीचा गाऊन शिवणाऱ्या फिलूबाई तिच्यावर कडाडल्या, "पोरी, गाऊनची उंची सँडल बघून बेततात! आधी तीन इंची टाच, मग दीड, आता सपाट चप्पल. पुन्हा आखूड करू?"

"सासूबाई म्हणतात, आमच्याकडच्या मांडवात अनवाणीच असशील, पण तुमच्या चर्चमध्ये आमच्या पाहुण्यांसमोर नवऱ्याहून उंच दिसू नकोस."

"मग त्यालाच घालू दे उंच टाचा!" पुटपुटत फिलूबाईंनी टाके घातले.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी पुन्हा दारात, हातात तीच तीन इंची सँडल. फिलूबाईंनी कपाळावर हात मारला.

"तो म्हणाला, तुझ्याकडे मान वर करून बघायलाच मला आवडतं."

फिलूबाई टाके उसवू लागल्या. दुमडलेलं कापड आत शाबूत होतं. कुठल्याही सासूच्या सांगण्यावरून त्यांनी आजवर एकाही नवरीच्या गाऊनला कात्री लावलीच नव्हती.