रामनाथकाकांच्या सत्काराची बातमी

"कुठल्या हॉलमध्ये बघितलास रे हा कार्यक्रम?" अल्पेशने फोनवर विचारलं, आणि कल्पेशच्या हातातला चहा हातातच राहिला.

सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशीच्या अंकात कल्पेशने पहिल्या पानावर बातमी छापली होती. बोळिंजच्या रामनाथकाकांचा पंचाहत्तरीनिमित्त भव्य सत्कार, सभागृह खचाखच, उत्तर देताना काकांना अश्रू अनावर. अल्पेश या सत्काराचा आयोजक. तो सांगत होता की सत्कार झालाच नाही. तो स्वतः हार घेऊन साडेदहाला पोचला, तेव्हापासून तासभर हॉलमध्ये चार टाळकी, त्यातला एक माईकवाला. खुद्द काकांचाही पत्ता नाही. साडेअकराला त्याने कुलूप लावलं आणि घर गाठलं.

आता ही बातमी लिहिली कशी म्हणाल, तर नेहमी लिहायचा तशीच. कल्पेशचं चार पानी साप्ताहिक शनिवारी संध्याकाळी छापायला जायचं आणि रविवारी दुपारी घरोघरी पोचायचं. त्यामुळे रविवारचे कार्यक्रम तो शनिवारीच उरकून टाकायचा. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, 'होणार आहे'च्या जागी 'उत्साहात पार पडला' लिहायचं, गर्दी आणि टाळ्या आपल्या पदरच्या घालायच्या. बारा वर्षांत कधी अंगाशी आलं नव्हतं. हळदीकुंकू काय, रक्तदान शिबिर काय, ठरल्या दिवशी होतंच. आणि ज्याचं नाव पेपरात येतं तो कशाला तक्रार करतोय!

पण रामनाथकाका म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. गावच्या बावखलात, त्या गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्यात, त्यांनी दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून, ही त्यांची पद्धत. सात वर्षांच्या कल्पेशचा भोपळा एकदा सुटला आणि तो पार तळाला गेला. केसांना धरून त्याला वर काढलं ते काकांनीच. आज तो हिंडतोफिरतो, बातम्या लिहितो, ते त्या हाताच्या जोरावर.

सत्कारासाठी जुन्या पोरांचा ग्रुप केला होता. बासष्ट जण, बासष्ट अंगठे. 'नक्की येणार' लिहिणाऱ्यांत पहिला कल्पेश. रविवारी मात्र एव्हरशाईन सिटीत एका जिमचं उद्घाटन निघालं, जेवणासकट. आपण एक नसलो तर काय बिघडतंय, बाकी एकसष्ट आहेतच की, असं म्हणून तो तिकडे गेला. त्या एकसष्टांनीही नेमकं तसंच म्हटलं असणार.

चहा तसाच टाकून तो निघाला. काकांचे पाय धरायचे, खरं काय ते सांगायचं, पुढच्या अंकात माफी छापायची. रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. बारा वर्षं वाक्यंच जुळवली होती, पण आज एकही धड जुळेना.

काका ओटीवर बसले होते. शेजारी त्यांची बायको शकूकाकू, तिच्या मांडीवर कालचा अंक. कल्पेशला पाहून काका उठून उभे राहिले. पंचाहत्तरीचा माणूस आपल्यासाठी उठला, एवढ्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पाया पडायला वाकला तर काकांनी त्याला मध्येच धरलं आणि हात जोडले.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले. "मी थांबलो नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवा सदरा घालून ते दहाच्या ठोक्याला हॉलवर गेले होते. दारातून पाहिलं तर नुसत्या खुर्च्या. काकू गुडघ्यांमुळे घरीच, सोबत कुणी नाही. ज्याचा सत्कार त्यानेच पहिलं जाऊन बसायचं, हे त्यांना कसंसंच वाटलं. दहा मिनिटं बाहेर थांबले आणि मागच्या मागे वाडीत निघून गेले, ते संध्याकाळपर्यंत केळींत पाणी सोडत बसले. घरी आल्यावर काकूने पेपर वाचून दाखवला, तेव्हा त्यांना कळलं की माणसं आली होती. उशिरा आली, पण आली. आपल्याकडे दहाचा कार्यक्रम दहाला कधी सुरू होतो? घाई आपणच केली. एवढी पोरं सुट्टी मोडून आली आणि आपण त्यांना तोंडही दाखवलं नाही, या विचाराने त्यांना झोप लागली नव्हती.

"आनि तू पेपरात मला हजर दाखवलंस," काका म्हणाले. "माझी झाकली मूठ ठेवलीस. तुझे उपकार कसे फेडू?"

जन्मात कल्पेशला एवढी लाज वाटली नव्हती. खरं बोलायचं ओठांपर्यंत आलं होतं. बोलला असता तर त्याच्या मनावरचा दगड उतरला असता, आणि तोच उचलून काकांच्या छातीवर ठेवल्यासारखं झालं असतं.

काकांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. कोण कोण आलं होतं ते त्यांना ऐकायचं होतं. हरेश आला होता का? कल्पेशने मान हलवली. आणि ज्युलियस? तोही. नोकरीसाठी पुण्याला गेलेला संकेत? हो, तोसुद्धा. दर नावाला काका काकूकडे वळून बघत, ऐकलंस ना, असं. काकू पदराने डोळे पुसत होती. कल्पेशला वाटत होतं, जमीन दुभंगेल तर बरं.

"आनि तू रे?" काकांनी शेवटी विचारलं. "तू कुठं बसला होतास?"

कल्पेशने वर पाहिलं नाही.

"उभाच होतो, काका," तो म्हणाला. "बसायला जागाच नव्हती."